तुमच्या तलावाचा पैसा राज्याच्या अर्थसंकल्पात कसा शोधायचा

मार्चमध्ये विधानभवनात अर्थमंत्र्यांचं भाषण होतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चौकटी झळकतात: सिंचनाला इतके हजार कोटी, नदीजोडला इतके, वनांना इतके. गावातला माणूस ते वाचतो आणि विचारतो, मग आमच्या पाझर तलावाच्या सांडव्याला पैसे का नाहीत? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर भाषणात सापडत नाही. ते विभागवार खर्चाच्या मागण्यांच्या जाड पुस्तकांत, आठ आकडी लेखाशीर्षात (म्हणजे खर्चाच्या खात्याच्या सांकेतिक क्रमांकात) आणि कोषागारातून खरंच किती रक्कम सुटली त्यात असतं.

पहिल्यांदाच अर्थसंकल्प उघडणाऱ्या सरपंचांसाठी, पाणी वापर संस्थांच्या संचालकांसाठी, नव्या वार्ताहरांसाठी आणि नदी-जंगलाच्या कामात पडलेल्या कार्यकर्त्यांसाठी हे लिहिलं आहे. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्राची आहेत. रक्कम कोणतीही असो, तिला चार प्रश्न विचारायचे: कोणत्या लेखाशीर्षाखाली? अंदाज किती? वितरित किती? खर्च किती? जाहीर झालेली रक्कम या चारांपैकी फक्त दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असते. बरेचदा तेही अर्धंच.

पायरी १ : आधी खातं ओळखा

'पाण्याचं बजेट' नावाची एक वस्तू राज्याच्या अर्थसंकल्पात नाही. धरणं, कालवे आणि मोठे प्रकल्प जलसंपदा विभागाकडे. बंधारे, पाझर तलाव, पाणलोटाची कामं मृद व जलसंधारण विभागाकडे. नळ योजना पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाकडे. शहरातलं सांडपाणी बहुतांशी नगरविकास विभागाच्या योजनांतून. शेततळं आणि ठिबक कृषी विभागातून, विहीर रोजगार हमीतून, आणि जिल्ह्यातली कितीतरी छोटी कामं जिल्हा वार्षिक योजनेतून, म्हणजे नियोजन विभागाच्या छत्राखाली.

तलाव कोणाचा हे ठरवायला एक ढोबळ नियम कामाला येतो. १०० हेक्टरपर्यंत सिंचन क्षमता असेल तर काम जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाचं. त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाचं. त्याहून मोठं असेल तर जलसंपदा. म्हणून आधी तलावाची सिंचन क्षमता काढा. ती माहीत नसेल तर तुमचं निवेदन या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहतं आणि प्रत्येक ठिकाणी 'हे आमच्याकडे येत नाही' असं अगदी खरं उत्तर मिळतं.

मागण्यांच्या पुस्तकात प्रत्येक विभागाला एक इंग्रजी अक्षर असतं. जलसंपदेचं 'आय', पाणीपुरवठ्याचं 'वाय', पर्यावरणाचं 'यू', महसूल व वन विभागाचं 'सी'. सामाजिक न्यायचं 'एन' आणि आदिवासी विकासचं 'टी' हीसुद्धा लक्षात ठेवा. त्यांचा पाण्याशी काय संबंध, ते पुढे येईल.

पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाची तरतूद शोधाल तर ती बाकीच्यांच्या मानाने इवलीशी दिसेल. त्यावरून 'सरकार पर्यावरणाला दमडीही देत नाही' अशी बातमी करण्याचा मोह होतो. ती बातमी चुकीची म्हणता येत नाही आणि पूर्णही म्हणता येत नाही. कारखान्यांवर नजर ठेवणारं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ मुख्यतः उद्योगांकडून मिळणाऱ्या संमती शुल्कावर चालतं. जंगलाचा खर्च वन विभागात दिसतो आणि मैलापाणी प्रक्रिया केंद्रांचा नगरविकासात. विभागाच्या नावावरून नव्हे, कामावरून शोधायची सवय लावून घ्या.

पायरी २ : पुस्तकं कोणत्या क्रमाने उघडायची

वित्त विभागाच्या संकेतस्थळावर दरवर्षी कागदांचा ढीग पडतो. सगळा वाचायची गरज नाही.

अर्थमंत्र्यांचं भाषण सगळ्यात शेवटी वाचलं तरी चालेल. त्यात प्रत्येक विभागाच्या परिच्छेदाअखेरीस 'अमुक विभागाला इतके कोटी नियतव्यय प्रस्तावित' असं वाक्य येतं. हा आकडा कार्यक्रम खर्चाचा, म्हणजे योजनांचा असतो. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, चालू देखभाल असा अनिवार्य खर्च त्यात धरलेला नसतो. तो धरून २०२५-२६चा राज्याचा एकूण अर्थसंकल्प ७ लाख कोटी रुपयांच्या घरात गेला. एका पेपरात विभागाचा नियतव्यय, दुसऱ्यात विभागाची एकूण तरतूद छापली जाते आणि वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी खोटं बोलतंय. दोन्ही आकडे खरे असतात, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे असतात.

सुरुवात 'अर्थसंकल्प संक्षेप' या छोट्या पुस्तिकेने करा. राज्याची जमा किती, खर्च किती, महसुली तूट किती, कर्ज किती हे त्यात काही पानांत कळतं. मग थेट आपल्या विभागाच्या मागण्यांच्या पुस्तकाकडे जा. राज्यघटनेच्या कलम २०२नुसार सभागृहात ठेवलं जाणारं वार्षिक वित्तीय विवरणपत्र आणि कलम २०३नुसार मतदानाला टाकल्या जाणाऱ्या अनुदानाच्या मागण्या, हे कायद्याच्या दृष्टीने खरे कागद. सोबत विभागाचं 'कार्यक्रम अंदाजपत्रक' मिळालं तर सोडू नका. रुपयांबरोबर भौतिक उद्दिष्टंही तिथे दिलेली असतात: किती हेक्टर, किती गावं, किती रोपं. अर्थसंकल्पाच्या थोडं आधी येणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' ही पार्श्वभूमीसाठी.

मागण्यांच्या पुस्तकात आकड्यांचे चार रकाने असतात आणि नवखा माणूस नेमका इथे गोंधळतो. २०२५-२६चं पुस्तक घेतलं तर पहिल्या रकान्यात २०२३-२४चा प्रत्यक्ष खर्च, पुढच्या दोनांत २०२४-२५चा अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज, शेवटच्यात २०२५-२६चा अंदाज. नजर आपोआप शेवटच्या रकान्याकडे जाते. तिला थांबवा आणि पहिल्याकडे वळवा. चारांत झालेला खर्च फक्त तिथे असतो, बाकी तिन्ही अंदाज. २०२३-२४चा मूळ अंदाज किती होता ते पाहायला दोन वर्षांपूर्वीचं पुस्तक काढा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. एखाद्या योजनेसाठी दरवर्षी १०० कोटी ठेवून प्रत्यक्षात ३० कोटीच खर्च होत असतील, तर यंदाचे १०० कोटीही साधारण त्याच वाटेने जाणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

रक्कम हजारांत, लाखांत की कोटींत आहे हे पानाच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते रोज वाचा, प्रत्येक पानावर वाचा. अर्थसंकल्पावरच्या निम्म्या चुका एवढ्या एका ओळीपायी होतात.

पायरी ३ : लेखाशीर्ष वाचायला शिका

हे एकदा जमलं की बाकीचं सोपं आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

भारतातल्या सगळ्या राज्यांची प्रमुख लेखाशीर्षं एकसारखी असतात. चार आकड्यांपैकी पहिल्या आकड्यावरून पैशाची जात कळते. ० किंवा १ असेल तर ती जमा. २ किंवा ३ म्हणजे महसुली खर्च: पगार, देखभाल, अनुदानं. ४ किंवा ५ म्हणजे भांडवली खर्च, नवं बांधकाम. ६ किंवा ७ म्हणजे कर्ज. शेवटचे तीन आकडे बहुतेक तेच राहतात. २२१५ म्हणजे पाणीपुरवठा व स्वच्छतेचा महसुली खर्च, ४२१५ त्याच विषयाचा भांडवली खर्च, ०२१५ त्यातून येणारी जमा.

आपल्या कामाची शीर्षं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

२७०० आणि २७०१ : मोठे व मध्यम पाटबंधारे
२७०२ : लघु पाटबंधारे
२७०५ : लाभक्षेत्र विकास
२७११ : पूरनियंत्रण व निचरा
२४०२ : मृद व जलसंधारण
२४०६ : वने व वन्यजीवन
३४३५ : पारिस्थितिकी व पर्यावरण
२२४५ : नैसर्गिक आपत्तींमधली मदत

यातल्या २ने सुरू होणाऱ्यांपैकी बहुतेकांना ४ने सुरू होणारी भांडवली जोडी आहे: ४७०१, ४७०२, ४७११, ४४०२, ४४०६.

२ आणि ४ यांतला फरक हिशेबनिसाच्या सोयीपुरता नाही. नवा बंधारा ४मध्ये बसतो, जुन्या बंधाऱ्याची झडप बदलणं २मध्ये. भूमिपूजनाचा नारळ ४वर फुटतो, २वर कुणी फोडत नाही. वर्षानुवर्षं नव्या कामांना पैसा आणि जुन्या कालव्यांच्या अस्तरीकरणाला, गेट दुरुस्तीला, चाऱ्या साफ करायला हात आखडता, हे चित्र बहुतेक राज्यांत दिसतं. तुमच्या भागात कालव्याचं पाणी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचत नसेल तर ४७०१चा फुगलेला आकडा पाहून खूश होऊ नका. २७०१मध्ये देखभालीला किती आहे ते बघा, आणि त्यातले पगार वजा करा.

पगार वजा करायला उद्दिष्ट शीर्ष लागतं. लेखाशीर्षाच्या शेवटी दोन आकडे येतात: ०१ म्हणजे वेतन, ३१ म्हणजे सहायक अनुदान (वेतनेतर), ५३ म्हणजे मोठी बांधकामे. ज्या योजनेत ०१चाच मोठा वाटा आहे ती कार्यालयं चालवते, कामं करतेच असं नाही.

अधल्यामधल्या तीन आकड्यांच्या गौण शीर्षांत तीन ओळखीची असू द्यात. ७८९ म्हणजे अनुसूचित जातींसाठीचा घटक, ७९६ म्हणजे आदिवासी क्षेत्र उपयोजना, आणि ८०० म्हणजे 'इतर खर्च'. या ८००बद्दल नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत अनेक राज्यांवर वारंवार ताशेरे येतात, कारण नाव न सांगता पैसा ठेवायची ती सोयीची जागा आहे. एखाद्या विभागात ८०० फुगलेलं दिसलं की प्रश्न विचारायची जागा सापडली म्हणून समजा.

आता 'एन' आणि 'टी' कडे येऊ. महाराष्ट्रात आदिवासी उपयोजनेचा निधी आदिवासी विकास विभागाच्या मागणीत आणि अनुसूचित जातींच्या घटकाचा निधी सामाजिक न्याय विभागाच्या मागणीत ठेवला जातो. त्यामुळे पाणीपुरवठ्याच्या एकाच योजनेची रक्कम तीन पुस्तकांत विखुरलेली असू शकते. नंदुरबार किंवा गडचिरोलीची नळ योजना फक्त 'वाय' मध्ये शोधाल तर अर्धा पैसा गायब दिसेल. तिन्ही ठिकाणची बेरीज केल्याशिवाय कोणताही आकडा वापरू नका.

महाराष्ट्रात शासन निर्णयांत योजनेसाठी आठ आकडी सांकेतांक छापलेला असतो. त्याचे पहिले चार आकडे म्हणजे प्रमुख शीर्ष. हा सांकेतांक हाती लागला की पुढचा शोध त्याच्याच आधारे करायचा. योजनांची नावं सरकार बदललं की बदलतात, लेखाशीर्षं त्यामानाने टिकतात.

पायरी ४ : अंदाज, वितरण, खर्च

विधिमंडळाने मंजूर केलेला पैसा विभागाच्या हातात आपोआप पडत नाही. वित्त विभाग तो टप्प्याटप्प्याने सोडतो. अर्थसंकल्पित किती, वितरित किती आणि खर्ची किती पडले, हे 'बीम्स' नावाच्या राज्याच्या अर्थसंकल्प वितरण व संनियंत्रण प्रणालीत दिसतं. 'महाकोष' या राज्याच्या कोषागारांच्या संकेतस्थळावरून तिथे जाता येतं. विभाग निवडा, वर्ष निवडा, अहवाल काढा आणि त्या दिवशीच्या पानाची प्रत जपून ठेवा. हे आकडे बदलत राहतात.

मंजुरी आणि वितरण यांत किती दरी पडू शकते याचा धडा २०२०मध्ये मिळाला. कोविडच्या टाळेबंदीत वित्त विभागाने ४ मे २०२०च्या शासन निर्णयाने त्या वर्षी तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असं सांगितलं आणि नवी कामं थांबवली. अर्थसंकल्प सभागृहात मंजूर होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. एवढा कडेलोट नेहमी होत नाही, पण वर्षभर हात राखून निधी सोडायचा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम सोडायचा हे नित्याचं आहे. मार्चअखेरीस देयकांची रांग लागते आणि कामाच्या दर्जाकडे पाहायला कुणाला वेळ नसतो.

वर्षाच्या मध्ये पावसाळी अधिवेशनात आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. त्यावर चर्चा कमी होते, म्हणून पत्रकारांनी तिथे जास्त लक्ष द्यावं. काही मागण्या नुसत्या हजार रुपयांच्या, लाक्षणिक असतात. रक्कम पाहून हसू नका. लेखाशीर्ष उघडायला सभागृहाची परवानगी घेतलेली असते, पैसा नंतर दुसरीकडून पुनर्विनियोजनाने वळवला जातो.

बीम्सवर 'खर्च' दिसला म्हणजे काम झालं असंही नव्हे. कोषागारातून रक्कम महामंडळाच्या, प्राधिकरणाच्या किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या स्वीय प्रपंजी लेख्यात (त्याच्या पदनामाच्या ठेव खात्यात) गेली की सरकारी हिशेबात ती खर्ची पडते. तिथून ती ठेकेदाराच्या देयकापर्यंत जायला सहा महिने लागोत की दोन वर्षं. विधिमंडळापुढे येणारे विनियोजन लेखे (मंजूर रक्कम आणि झालेला खर्च यांचा ताळा) आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल अशा पडून राहिलेल्या रकमांवर बोट ठेवतात. ते अहवाल कंटाळवाणे असतात हे खरं, पण तुमच्या जिल्ह्याचं नाव त्यात शोधून फक्त तेवढी पानं वाचली तरी बरंच सापडतं.

पायरी ५ : महामंडळं आणि 'सुप्रमा'

मोठ्या धरणांचा शोध इथे अवघड होतो. १९९६मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ आलं आणि त्यानंतर विदर्भ, कोकण, तापी आणि गोदावरी मराठवाडा अशी आणखी चार पाटबंधारे महामंडळं १९९८पर्यंत उभी राहिली. सरकार त्यांना भागभांडवली अंशदान म्हणून ठोक रक्कम देतं. तुम्हाला अर्थसंकल्पात महामंडळाला मिळालेला आकडा दिसेल, पण कोणत्या धरणाला किती ते बरेचदा तिथे दिसणार नाही. त्यासाठी महामंडळाची प्रकल्पनिहाय तरतूद आणि निधी वितरणाचे शासन निर्णय काढावे लागतात.

प्रकल्पाचा इतिहास वाचायचा तर प्रशासकीय मान्यतांच्या साखळीवरून. पहिली प्रशासकीय मान्यता, मग सुधारित प्रशासकीय मान्यता, जिला खात्यात सगळे 'सुप्रमा' म्हणतात, मग दुसरी सुप्रमा, तिसरी. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्दला १९८३मध्ये मान्यता मिळाली तेव्हा किंमत ३७२ कोटी रुपये होती. २००९मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि २०१६च्या सुधारित मान्यतेत किंमत १८ हजार ४९४ कोटींवर गेली, जवळपास ५० पट. महागाई, वाढलेला भूसंपादन मोबदला, पुनर्वसन, आराखड्यातले बदल, रेंगाळणं, सगळ्याचा त्यात वाटा आहे. यातलं रेंगाळणं बरंचसं अर्थसंकल्पातूनच येतं: शंभर प्रकल्प एकाच वेळी सुरू, प्रत्येकाला थोडे थोडे पैसे, कुठलाच पुरा नाही. सिंचनावर झालेल्या खर्चाचं आणि प्रत्यक्ष भिजलेल्या जमिनीचं गणित जुळेना म्हणून नोव्हेंबर २०१२मध्ये राज्याला श्वेतपत्रिका काढावी लागली, आणि त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली.

यावरून एक साधी भागाकाराची सवय लावा. प्रकल्पाची उरलेली किंमत घ्या आणि यंदाच्या तरतुदीने भागा. येणारं उत्तर म्हणजे याच वेगाने काम पूर्ण व्हायला लागणारी वर्षं, तीही किंमत वाढली नाही तर. वैनगंगा-नळगंगा नदीजोडसारख्या ८० हजार कोटींहून मोठ्या प्रकल्पांच्या घोषणा ऐकताना हा भागाकार मनातल्या मनात करून बघा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना 'अनुशेष', म्हणजे विकासात मागे राहिल्याची तूट, नवा नाही. १९८३मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीपासून सिंचनाच्या प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला जातो आहे. घटनेच्या कलम ३७१(२)खाली राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश दिले, म्हणून जलसंपदेच्या तरतुदीकडे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन हिश्श्यांत पाहायची पद्धत पडली. तरतूद सूत्राप्रमाणे आणि खर्च भलतीकडे, असं घडू शकतं. तपासायची गोष्ट ती.

पायरी ६ : अर्थसंकल्पाबाहेरचा पैसा

नैसर्गिक संसाधनांचा बराच पैसा मागण्यांच्या पुस्तकांत ठळकपणे येत नाही, किंवा येतच नाही.

वनजमीन धरणाला, खाणीला किंवा रस्त्याला गेली की त्या प्रकल्पाकडून भरपाई वनीकरणाचे आणि जंगलाच्या निव्वळ वर्तमान मूल्याचे पैसे घेतले जातात. ते वर्षानुवर्षं केंद्राकडे साचले होते. २०१६च्या भरपाई वनीकरण निधी कायद्याने ९० टक्के वाटा राज्यांना द्यायचं ठरलं आणि ऑगस्ट २०१९मध्ये महाराष्ट्राला ३ हजार ८४४ कोटी रुपये मिळाले. हा 'कॅम्पा'चा, म्हणजे भरपाई वनीकरण निधीचा, पैसा राज्याच्या लोकलेख्यात (नेहमीच्या अर्थसंकल्पी खर्चापासून वेगळ्या खात्यात) ठेवायचा असतो आणि वर्षअखेर तो व्यपगत, म्हणजे रद्द, होत नाही. त्याची वार्षिक कार्ययोजना वन विभाग वेगळी करतो. तुमच्या वनपरिक्षेत्रात रोपवन दिसत असेल तर फलकावर योजनेचं नाव वाचा. २४०६मधून की कॅम्पातून, हे तिथेच कळेल.

खाणींच्या जिल्ह्यांत, म्हणजे चंद्रपूर, नागपूर, यवतमाळ, गडचिरोलीत, जिल्हा खनिज प्रतिष्ठान पाहिल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. २०१५च्या कायदा दुरुस्तीने ते आलं. जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्यांना १० टक्के इतकी जादा रक्कम त्यात भरावी लागते. २०१५च्या मूळ नियमांत यातले किमान ६० टक्के पिण्याचं पाणी, प्रदूषण नियंत्रण, आरोग्य, शिक्षण अशा उच्च प्राधान्याच्या कामांवर खर्च करायचे होते. पैसा जिल्ह्यातच राहतो, निर्णयही जिल्ह्यातच होतो, त्यामुळे इथे स्थानिक माणसाच्या प्रश्नाला मुंबईपेक्षा जास्त वजन आहे. ते वापरलं मात्र फार कमी जातं.

गोव्यातल्या वाचकांसाठी याचा एक वेगळा नमुना आहे. लोहखनिजाच्या विक्रीतली १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४मध्ये दिला. खनिज एकदाच निघतं, तेव्हा त्याचा पैसा पुढच्या पिढ्यांसाठीही राहावा, ही त्यामागची भूमिका.

ग्रामपंचायतींकडे थेट येणारा पैसा वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, ठेवला: त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पाणी पुनर्भरण यांसाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. तुमच्या ग्रामपंचायतीने तो कुठे वापरला हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून पाहता येतं. राज्याच्या अर्थसंकल्पात डोकं घालण्याआधी हे पाहा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि काही वेळा गावातल्या हिशेबातच सगळं उत्तर मिळतं.

पायरी ७ : अनेक खिशांतून चाललेली योजना

जलयुक्त शिवार अभियान हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेल्या या अभियानात कृषी, जलसंधारण, वन, लघुसिंचन, रोजगार हमी, जिल्हा वार्षिक योजना आणि लोकसहभाग, सगळ्यांचा पैसा एकत्र आणला गेला. कल्पना चांगली, पण हिशेब मांडणाऱ्याची पंचाईत, कारण एकाच लेखाशीर्षात पूर्ण खर्च कधीच दिसला नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२०मध्ये विधिमंडळापुढे आलेल्या अहवालात ९ हजार ६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम दिसला नाही असं नोंदवलं गेलं. त्यावर राजकीय वाद झाला, अभियानाच्या बाजूनेही बरंच बोललं गेलं, आणि जानेवारी २०२३मध्ये त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. वादात न पडताही एक गोष्ट तुम्ही स्वतः करू शकता. गावाचा आराखडा घ्या, त्यातल्या प्रत्येक कामापुढे कोणत्या लेखाशीर्षातून पैसा आला ते लिहा, आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी शेजारी ठेवा. पावसाचं प्रमाणही बघा, नाहीतर चांगल्या पावसाच्या वर्षी प्रत्येक योजना यशस्वी ठरते.

जमेच्या बाजूचं एकच सांगतो. ०७०० आणि ०७०१ ही शीर्षं उघडून पाणीपट्टीची वसुली बघा आणि कालव्यांच्या देखभाल खर्चाशी ताडून पाहा. ठोक जलदर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं, २००५च्या कायद्याने. पाण्याचा मोठा वाटा शेतीला जातो, वसुलीचा मोठा वाटा मात्र शहरांकडून आणि उद्योगांकडून येतो. हे योग्य की अयोग्य यावर भांडायला हरकत नाही, आकडा समोर ठेवून भांडा.

पायरी ८ : कागद मागणं, आणि वेळेवर मागणं

ऑनलाइन मिळत नाही ते माहितीच्या अधिकारातून. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचं शुल्क आहे, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून 'तलावाच्या खर्चाची सर्व माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. लेखाशीर्ष, वर्ष आणि कामाचं नाव देऊन नेमके कागद मागा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, निधी वितरणाचे आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अंतिम देयक, उपयोगिता प्रमाणपत्र. सातही कागद एकाच कामाचे असल्याने विषय एकच राहतो. मोजमाप पुस्तिका, जिला सगळे 'एमबी' म्हणतात, ती हातात घेऊन कामावर जा आणि टेप लावा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. या मुदतीची नोंद अर्ज दिला त्याच दिवशी करून ठेवा.

पैसा मागायचा असेल तर मात्र मार्चची वाट पाहू नका. तोवर पुस्तकं छापून झालेली असतात. विभागांचे पुढच्या वर्षाचे आणि सुधारित अंदाज पावसाळ्यानंतरच तयार होऊ लागतात. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याच्या ग्रामसभा २ ऑक्टोबरपासून होतात, तिथे तलावाचं काम आराखड्यात शिरलं पाहिजे. जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीपुढे साधारण हिवाळ्यात येतो. त्या बैठकीआधी समितीच्या सदस्याला गाठून दोन गोष्टी विचारा. पहिली, या शीर्षाखाली गेल्या वर्षीचं दायित्व किती? अपुऱ्या कामांची देणी आधी भागवली जातात, उरलेल्यातून नवी कामं. दुसरी, गेल्या वर्षीचे किती पैसे मार्चअखेर समर्पित झाले, म्हणजे न वापरता परत गेले? आकडा मोठा असेल तर 'निधी नाही' हे उत्तर तुम्हाला पुन्हा कुणी देणार नाही, कारण परत गेलेल्या रकमेचा कागद तुमच्या पिशवीत असेल.